घराण्याचा वारसा आणि हिरड्यांचे आरोग्य

(माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव येथे ग्रामस्थ, शिक्षक आणि आरोग्य कार्यकर्त्या यांच्यासमोर एका दंतवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तेरणेच्या काठी वसलेल्या आणि निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे दूरवर नाव गेलेल्या या गावी बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आपला आभारी आहे. दातांवरचे व्याख्यान म्हटले की दात कसे घासावेत याचा उपदेश ऐकावा लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. तो उपदेश मीही करणार आहे, परंतु शेवटी. त्याआधी एका प्रश्नाचा विचार आपण करू. हा प्रश्न दंतवैद्याला पुस्तकातून नव्हे, तर रुग्णांच्या तोंडून रोज ऐकू येतो.

चाळिशीचा एखादा शेतकरी येतो. त्याचे पुढचे दात हलत असतात, हिरड्यांतून पू येत असतो. तपासणी चालू असतानाच तो म्हणतो, "आमच्या घराण्यातच दात लवकर जातात, डॉक्टरसाहेब. वडिलांचे असेच गेले, चुलत्यांचेही गेले. नशिबाला इलाज काय?" त्याच दिवशी साठी उलटलेले एखादे आजोबा काही निराळ्याच कारणाने येतात. आयुष्यभर बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या काडीपलीकडे त्यांनी दातांसाठी काही केलेले नसते. दातांवर किटण साचलेले असते. पण दात मात्र खुंटासारखे घट्ट. ते अजूनही ऊस दातांनी सोलून खातात. गाव एक, पाणी एक, भाकरी एक आणि दातांची हेळसांडही सारखीच. मग एकाचे दात चाळिशीत जातात आणि दुसऱ्याचे साठीतही टिकतात, असे का व्हावे?

पहिल्या माणसाचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि निम्मे चुकीचे आहे. घराण्याचा यात वाटा आहे, हे खरे. त्याला इलाज नाही, हे चूक. या दोन्ही बाजू आज मी आपणापुढे मांडणार आहे.

विकाराचे स्वरूप

प्रथम हा विकार कसा होतो ते पाहू. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू वस्ती करून असतात. दात नीट घासले नाहीत तर दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर जमतो. लाळेतील क्षारांमुळे तो पुढे कठीण होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. या जंतूंविरुद्ध शरीर लढू लागले की हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते. ही पहिली पायरी होय. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो या शास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी त्यात दात घासणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. दात पुन्हा स्वच्छ ठेवू लागताच सूज ओसरली. पहिल्या पायरीवर कोणाचीही सुटका नाही आणि तेथून परत फिरणे प्रत्येकाच्या हाती आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

दुसरी पायरी मात्र निराळी आहे. दाह आत उतरतो, हिरडी दातापासून सुटते, तेथे खोल कप्पा तयार होतो आणि दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. आपल्याकडे याला पायरिया म्हणतात. शास्त्रीय नाव परिदंत विकार. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. हा विकार फारसा दुखत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे. दाढ किडली तर माणूस रात्रीतून दवाखाना गाठतो; हिरडी वर्षानुवर्षे कुरतडली जात असता तो स्वस्थ असतो. दात हलू लागल्यावर तो येतो, तेव्हा पुष्कळ हाड गेलेले असते.

एकाच मळ्यातील तीन प्रकारची माणसे

पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सगळेच उतरतात काय? याचे उत्तर श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांनी दिले. तेथील ४८० तमिळ मजुरांची पाहणी लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली सुरू केली आणि १९८५ पर्यंत चालविली. हे मजूर ब्रश वापरीत नसत, दंतवैद्याची सोय त्यांना नव्हती, सर्वांच्या दातांवर किटण होते आणि सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. जंतूंचा मारा सर्वांवर जवळपास सारखाच होता असे म्हणावयास हरकत नाही. परंतु परिणाम? शेकडा ८ जणांचा विकार झपाट्याने वाढला. त्या गटात पस्तिशीपर्यंत सरासरी बारा दात गेले होते आणि पंचेचाळिशीपर्यंत एकही दात उरला नाही. शेकडा ८१ जणांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या शेकडा ११ जणांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

या परिसरातील लोकांना हे समजावून सांगण्यासाठी मला दूरचा दृष्टान्त शोधावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या भागावर जो आघात केला, तो येथील वडीलधाऱ्यांनी अनुभवलेला आहे. जमिनीचा हादरा एका गावात सर्वांना जवळजवळ सारखाच होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, माळवदाच्या ओझ्याची घरे कोसळली; हलक्या छपराची अनेक घरे तगली. हादरा एक असला, तरी घराची बांधणी निराळी होती. तोंडातील जंतू हा हादरा मानला, तर माणसाच्या प्रतिकारशक्तीची जडणघडण ही घराची बांधणी होय. आणि ही जडणघडण पुष्कळ अंशी आईवडिलांकडून येते.

ती किती अंशी येते, याचे मोजमाप जुळ्यांवरून करता येते. अमेरिकेत जुळ्या भावंडांच्या ११७ जोड्या तपासून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच बीजातून जन्मलेली जुळी आणि दोन निरनिराळ्या बीजांतून जन्मलेली जुळी यांची तुलना केली असता, माणसामाणसांतील परिदंत विकाराच्या फरकापैकी सुमारे निम्मा फरक आनुवंशिक असल्याचे दिसून आले. हिरड्यांच्या साध्या सुजेत मात्र असा आनुवंशिक वाटा आढळला नाही. ती केवळ स्वच्छतेवर अवलंबून होती.

रक्तगटापलीकडची ओळख

आता हा आनुवंशिक फरक शरीरात नेमका कोठे असतो? रक्तदान शिबिरात आपण रक्तगट तपासून घेतला असेल. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा. त्या जन्मतः मिळतात आणि माणसागणिक भिन्न असतात. या विषयात आपल्या राज्याचे नाव जगभर झाले आहे. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एक अतिशय विरळा रक्तगट जगापुढे आणला. तो आजही 'बॉम्बे रक्तगट' म्हणूनच ओळखला जातो.

तांबड्या पेशींवर जशा खुणा, तसेच पांढऱ्या पेशींच्या अंगावर विशिष्ट प्रथिनांचे अवयव असतात. बाहेरून आलेला रेणू त्यात कुलपात किल्ली बसावी तसा बसतो आणि पेशीला संदेश मिळतो. शास्त्रात त्यांना 'ग्राही' असे म्हणतात. पांढऱ्या पेशी शरीराच्या रक्षक असतील, तर ग्राही हे त्यांचे डोळे, कान आणि हात होत. प्रत्येक ग्राही कसा घडवावा याची कृती आपल्या जनुकांत असते. जनुकातील एखादे अक्षर बदलले तर ग्राहीची घडण किंचित बदलते. आपणा सर्वांत अशी लहान लहान भिन्नता असतेच. त्यात दोष मानण्याचे कारण नाही. चेहरे वेगळे असतात तसेच हे.

हिरड्यांच्या दृष्टीने चार प्रकारचे ग्राही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार पहाऱ्याचा. जंतूंच्या कवचातील रेणू ओळखून धोक्याची वर्दी देणाऱ्या या ग्राहींना 'टोल-सदृश ग्राही' म्हणतात. यांचा शोध फळांवर घोंघावणाऱ्या लहानशा माशीपासून सुरू झाला. टोल नावाचे जनुक बिघडले की ही माशी बुरशीला बळी पडते, असे फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखविले. त्याच कुळातील ग्राही उंदरात जंतूंचे विष ओळखतो, हे अमेरिकेतील ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ साली सिद्ध केले. या दोघांना २०११ सालच्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माणसात या कुळातील दहा ग्राही आहेत. त्यांपैकी चौथ्या ग्राहीच्या साखळीत २९९ व्या जागी काही लोकांत एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे असते. तसाच बदल ३९९ व्या जागीही आढळतो. असा बदल असलेल्या पेशी जंतूंच्या विषाला निराळा प्रतिसाद देतात, असे काही प्रयोगांत दिसले आहे.

दुसरा प्रकार पकडीचा. आपल्या रक्तातील प्रतिपिंडे जंतूंना चिकटतात आणि पांढरी पेशी त्या प्रतिपिंडाची शेपटी पकडून जंतूला गिळते. शेपटी पकडणाऱ्या एका ग्राहीच्या १३१ व्या जागी काही जणांत हिस्टिडीन असते, काहींत आर्जिनीन. पहिल्या घडणीची पकड एका विशिष्ट वर्गाच्या प्रतिपिंडावर घट्ट बसते, दुसऱ्या घडणीची सैल. कोवळ्या वयात हिरड्या पोखरणाऱ्या एका जंतूविरुद्ध नेमकी त्याच वर्गाची प्रतिपिंडे शरीर मोठ्या प्रमाणात तयार करते. त्यामुळे या फरकाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले.

तिसरा प्रकार आवर घालण्याचा. लढाई थांबवावयाची केव्हा, हेही पेशींना कळावे लागते. हिरडीखालचे हाड प्रत्यक्ष जंतू खात नाहीत; लांबलेल्या लढाईत आपल्याच शरीराच्या रसायनांनी ते झिजते. म्हणून आवर घालणारे ग्राही फार महत्त्वाचे. २०१७ साली अनेक देशांतील रुग्णांच्या जनुकांची एकत्र छाननी झाली. तीत अशाच एका ग्राहीच्या, सिग्लेक-५ च्या, जनुकातील भिन्नतेचा परिदंत विकाराशी संबंध आढळला.

चौथा प्रकार चिकटण्याचा. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

शास्त्र काय सांगते आणि काय सांगत नाही

हे ऐकून कोणी विचारील की, मग रक्त तपासून कोणाचे दात जाणार ते आधीच सांगता येईल काय? याचे प्रामाणिक उत्तर आज तरी नकारार्थी आहे. टोल-सदृश ग्राहींतील आणि पकडीच्या ग्राहींतील फरकांवर जगात आणि भारतातही पुष्कळ अभ्यास झाले. काहींत संबंध आढळला, काहींत आढळला नाही. एका समाजात दिसलेला संबंध दुसऱ्या समाजात टिकला नाही. एकेका फरकाचा परिणाम लहान असतो; असे अनेक फरक, वय, तंबाखू, मधुमेह आणि स्वच्छता यांची बेरीज होऊन विकार ठरतो. म्हणून अशा चाचणीसाठी कोणी पैसे मागू लागल्यास सावध राहावे. दंतवैद्याच्या हातातील मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी सळई आज त्या चाचणीपेक्षा अधिक सांगते. हिरडी आणि दात यांच्यातील फट एक ते तीन मिलिमीटर असेल तर ती निरोगी. त्याहून खोल असेल आणि रक्त येत असेल तर उपचार हवा.

आणि घराण्याचा इतिहास? ती तर फुकटची चाचणी आहे. आईचे किंवा वडिलांचे दात न किडता, हलून हलून कमी वयात पडले असतील, तर मुलांनी आपली हिरडी तिशीपूर्वीच तपासून घ्यावी. ज्या माहितीला आपण नशीब म्हणून सोडून देतो, तीच माहिती दहा वर्षे आधी मिळालेला इशारा म्हणून वापरता येते.

एका जनुकाचा मोठा दोष

आतापर्यंत लहान फरकांविषयी बोललो. परंतु क्वचित एखाद्या बालकात एकच ग्राही जवळजवळ नाहीसा असतो, आणि तेव्हा प्रश्न दातांचा राहत नाही, जिवाचा होतो. हाच तो चौथा, चिकटण्याचा ग्राही.

जंतूंची वर्दी मिळाली की रक्तातील पांढऱ्या पेशींना वाहता प्रवाह सोडून रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटावे लागते आणि तेथून बाहेर पडून संसर्गाच्या जागी जावे लागते. या चिकटण्याला आवश्यक असे एक प्रथिन एकविसाव्या गुणसूत्रावरील जनुकाने घडते. त्यात मोठा दोष असेल तर पेशी रक्तात असंख्य असतात, पण जखमेपर्यंत पोहोचत नाहीत. अशा बालकाची नाळ तीन-चार आठवडे होऊनही गळत नाही किंवा बेंबी चिघळते. वारंवार संसर्ग होतात, परंतु पू होत नाही. जखमा भरत नाहीत. दोष सौम्य असून मूल वाचले, तर दुधाचे दात येताच हिरड्या लालभडक होतात आणि कोवळे दात हलू लागतात. आईवडील समजतात, मुलाचे दात कच्चे आहेत.

या दोषाने शास्त्रज्ञांनाही एक महत्त्वाची गोष्ट शिकविली. अशा मुलांचे जबड्याचे हाड जंतू मोकाट सुटल्यामुळे झिजते, असा पूर्वी समज होता. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली दाखविले की, हिरडीत पोहोचणाऱ्या पेशी लढाईला आवरही घालीत असतात. त्या न आल्यामुळे दाहाची रसायने बेसुमार वाढतात आणि हाड झिजते. २०१७ साली एका रुग्णात हा दाह शमविणारे औषध दिल्यावर हिरड्या सुधारल्याचे त्यांनी नोंदविले.

याच कुळातील आणखी एक अतिविरळा विकार १९९२ साली इस्राएलमधील दोन मुलांत प्रथम वर्णिला गेला. त्या मुलांच्याही हिरड्यांना तीव्र विकार जडतो, आणि त्यांचा रक्तगट असतो बॉम्बे रक्तगट. येथे गैरसमज नको. ज्यांचा रक्तगट बॉम्बे आहे, त्यांना हा विकार असतो असे मुळीच नाही. बहुतेक सारे पूर्ण निरोगी असतात. या मुलांत एका शर्करेची ने-आण करणारे प्रथिनच बिघडलेले असते. त्यामुळे तांबड्या पेशींवरची खूणही घडत नाही आणि पांढऱ्या पेशींना चिकटण्यासाठी लागणारी खूणही घडत नाही.

असे विकार ओळखण्याची सोय आपल्या राज्यात आहे. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांचे निदान होते. भारतीय बालकांतील या चिकटण्याच्या दोषाचा अभ्यासही तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केला आहे. थोड्याशा रक्तावर यंत्राद्वारे तपासणी करून पेशींवरील ग्राही किती आहेत हे सांगता येते. तीव्र दोषावर मूलपेशींचे, म्हणजे अस्थिमज्जेचे रोपण हा कायमचा इलाज आहे. तो वेळेवर व्हावा यासाठी निदान लवकर व्हावे लागते, आणि लवकर निदानाची सुरुवात मुंबईत होत नाही. ती गावात होते.

म्हणून आशा भगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे. नवजात बालकाच्या गृहभेटी आपण एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही करता. त्या वेळी नाळ गळली आहे काय आणि बेंबी कोरडी आहे काय, हे अवश्य पाहावे. नसेल तर घरगुती लेप लावत बसू न देता बालकाला रुग्णालयात पाठवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतून बालकांची तपासणी करीत आली आहेत. मार लागलेला नसताना आणि पडण्याचे वय नसताना दुधाचे दात हलत असतील, तर शिक्षकांनी व अंगणवाडी कार्यकर्त्यांनी ते पथकाच्या नजरेस आणावे.

नात्यातील विवाह

येथे एक नाजूक विषय मला टाळता येत नाही. वरील दोष प्रकट होण्यासाठी बिघडलेले जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल निरोगी राहते, केवळ वाहक बनते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल बाधित होण्याची शक्यता चारात एक असते. परक्या घराण्यांतील दोन व्यक्ती एकाच विरळा दोषाच्या वाहक असण्याचा संभव फारच कमी. परंतु मामा आणि भाची यांच्यात जनुकांचा चौथा हिस्सा, तर आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा समान असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी आणि काही घरांत प्रत्यक्ष भाचीशी विवाह करण्याची रीत आहे. नाती टिकावीत, लेक परक्या घरी जाऊ नये, हा त्यामागील हेतू मी जाणतो. अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही खरे. परंतु ज्या घरात तान्ही मुले वारंवार संसर्गाने दगावली आहेत, त्या घराने पुन्हा नात्यात सोयरीक करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांचे विवाह झालेले आहेत, त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पुढील गर्भधारणेपूर्वी तपासणी व समुपदेशन मिळू शकते. आणि सुनेला दोष देण्याची रीत तर सर्वथा सोडावी. दोष येतो तो दोन्हीकडून सारखाच.

आपल्या हातातील अर्धा वाटा

आता अखेरीस तो उपदेश. निम्मा वाटा वारशाचा असेल, तर उरलेला निम्मा आपल्या हातात आहे, आणि ज्याचा वारसा दुबळा त्याला या निम्म्याची गरज अधिक आहे.

पहिली गोष्ट, दात रोज सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रशने, हिरडीच्या कडेपर्यंत घासावेत. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. रक्त येते ते घासले जात नाही म्हणून. राखुंडी आणि विटकरीची पूड दात झिजविते, ती वर्ज्य करावी.

दुसरी गोष्ट मिश्रीची. ही विनंती विशेषतः भगिनींना आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. दात स्वच्छ होतात या समजुतीने ती सुरू होते आणि व्यसन होऊन बसते. तंबाखू हिरडीचा रक्तपुरवठा आणि पांढऱ्या पेशींचे काम बिघडवितो. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते, त्यामुळे आतला विकार झाकला जातो. तोंडाच्या कर्करोगाचे भय आणि गर्भवतीच्या बाळाला होणारा अपाय ही आणखी कारणे. वारसा बदलता येत नाही, मिश्री सोडता येते.

तिसरी गोष्ट मधुमेहाची. साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा विकार बळावतो. आणि हिरड्यांचा विकार असेल तर साखर ताब्यात येणे अवघड होते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने हिरड्या दाखवाव्यात, आणि हिरड्यांचा विकार झपाट्याने वाढणाऱ्या प्रत्येकाने साखर तपासावी.

चौथी गोष्ट, किटण काढून घेण्याची. यंत्राने दात साफ केल्यास ते सैल होतात, असा समज सर्वत्र आहे. दात आधीच सैल झालेले असतात; किटणाच्या आधाराने ते घट्ट भासतात एवढेच. ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी, आणि विकार झालेला असल्यास दंतवैद्य सांगेल तितक्या वेळा ही सफाई करून घ्यावी. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाखाली सार्वजनिक रुग्णालयांत दंतसेवेला बळ देण्यात येत आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. या सेवांचा लाभ दात हलण्यापूर्वी घ्यावयाचा असतो, हे मात्र विसरू नये.

मित्रहो, भूकंपानंतर या भागात नवी घरे उभी राहिली. ज्या गावांत जुनी घरे उभी होती, तेथे शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमातून त्यांच्या दुरुस्तीचे आणि मजबुतीकरणाचेही काम झाले. वाडवडिलांनी बांधलेली भिंत दगडमातीची आहे म्हणून तिच्या कोसळण्याची वाट कोणी पाहत बसले नाही. हिरड्यांच्या बाबतीतही आपले धोरण तेच असावे. "आमच्या घराण्यात दात लवकर जातात" हे वाक्य यापुढेही आपण उच्चारावे. मात्र ते चाळिशीत, हलणारे दात दाखविताना नव्हे, तर विशीत, पहिल्याच तपासणीच्या वेळी दंतवैद्याला सांगावे. तेवढ्या एका माहितीवरून आमचे निम्मे काम होते.